स्टुडिओतली पंचगंगा

पंचगंगेची पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरकरांना हे आकडे तोंडपाठ असतात, पावसाळ्यात सकाळची पहिली चौकशी त्यांचीच. पण नागपूरला किंवा ठाण्याला टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ४३ फूट म्हणजे नेमकं किती पाणी, याचा अंदाज येत नाही. तो यावा म्हणून वृत्तवाहिनीने स्टुडिओत आभासी पंचगंगा उभी करावी का, आणि करायची तर कशी, यावर दोन प्रामाणिक माणसांचं टोकाचं दुमत होऊ शकतं.

या लेखात ती दोन माणसं बोलतात. एक आहेत ज्येष्ठ वृत्तसंपादक. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवरून त्या टीव्हीत आल्या, आउटपुटवर वर्षानुवर्षं रात्रपाळ्या काढल्या. न्यूजरूममध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात. दुसरा आहे आभासी सेट उभारणारा डिझायनर. उपयोजित कला शिकून त्याने आधी प्लायवूडचे सेट केले, आता तो अनरिअल इंजिन या खेळांसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरवर काम करतो. दोघांची नावं इथे दिलेली नाहीत, कारण हा वाद कुणा एका वाहिनीचा नाही. पावसाळा किंवा निवडणूक तोंडावर आली, की बऱ्याच न्यूजरूममध्ये तो थोड्याफार फरकाने होतो.

"ताई, कागदावर नको ठरवू या. आधी फ्लोअरवर येऊन बघा," डिझायनर म्हणतो.

फ्लोअर म्हणजे हिरवी खोली. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन, सगळं एकाच मॅट हिरव्या रंगाचं. भिंत जमिनीला मिळते तिथे कोपरा ठेवलेला नाही, गोलाई दिली आहे. कोपरा असला की तिथे सावलीची रेघ पडते आणि हिरवा रंग पुसताना ती रेघ मागे राहते. ती घालवायला गेलं, तर अँकरच्या केसांच्या कडा खाल्ल्या जातात. भिंतीवरचा उजेड वेगळा आणि अँकरवरचा वेगळा. अँकर भिंतीपासून चांगली लांब उभी असते, नाहीतर भिंतीची हिरवी झाक खांद्यावर येते.

"इथे खरं काय आहे, ते आधी सांग," ताई विचारतात.

"अँकर, टेबल आणि कॅमेरा. बाकीचं आपण घालतो. पण कॅमेरा खरा आहे, हे महत्त्वाचं. वर बघा."

छताला चमकत्या गोल टिकल्या चिकटवलेल्या आहेत. कॅमेऱ्यावर बसवलेला छोटा सेन्सर वर बघत या टिकल्या वाचतो आणि कॅमेरा खोलीत नेमका कुठे आहे, किती वळला, किती झुकला, हे प्रत्येक फ्रेमला संगणकाला कळवतो. झूम आणि फोकस किती फिरले, तेही लेन्सवरून कळतं. त्या माहितीवरून संगणक आभासी खोली त्याच कोनातून पुन्हा काढतो. आपल्याकडे टीव्हीच्या चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. या सगळ्या गणिताला तीन फ्रेम लागल्या, तर चित्र १२० मिलिसेकंद मागे पडतं. मग आवाजही तेवढाच मागे ठेवावा लागतो, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. पायाखालची सावली चुकली तर अँकर तरंगते. आभासी खिडकी डावीकडे आणि खरा दिवा उजवीकडे असेल, तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

रंग हिरवाच का, याचं कारणही गणितात आहे. माणसाच्या त्वचेच्या छटांपासून तो दूर पडतो. शिवाय एचडी प्रसारणाच्या मानकात उजेडाच्या सिग्नलमधला सुमारे ७२ टक्के भाग हिरव्याचा असतो, त्यामुळे कापायची कड या रंगात सगळ्यात स्वच्छ मिळते. याची किंमत मराठी अँकरना वेगळी मोजावी लागते. अशा क्रोमा स्टुडिओत हिरवी साडी चालत नाही, हिरवा चुडा चालत नाही. पैठणीची जर भिंतीचा हिरवा उजेड परतवते आणि काठाला भोकं पडल्यासारखी दिसतात. नवरात्रात नऊ दिवसांचे रंग पाळताना हिरव्याचा दिवस आला, की वेशभूषा विभागाची धावपळ होते.

"माझा पहिला आक्षेप इथेच आहे," ताई म्हणतात. "साडीचं सोड. अँकर ज्या नकाशाकडे हात करते, तो नकाशा तिला दिसतच नाही. बाजूच्या मॉनिटरमध्ये बघत ती हात हलवते. कानात कंट्रोल रूमचा टॉकबॅक, समोर प्रॉम्प्टर आणि बाजूला मॉनिटर. तिचं अर्धं लक्ष हात योग्य जिल्ह्यावर पडतोय का यात गेलं, तर बातमी समजावून सांगायला उरतं किती?"

"खरंय. म्हणून आम्ही जमिनीवर थोड्या वेगळ्या हिरव्याच्या टेपने खुणा करतो. त्या चित्रातून पुसल्या जातात, पण तिला दिसतात. हात टेकायला एक खरी वस्तू ठेवतो. आणि तालीम लागतेच. ती न करता सेट ऑन एअर नेला, तर चूक आमची."

"तालमीला वेळ कोण देतं? बातम्यांचा रनडाउन दर दहा मिनिटांनी बदलतो."

"तो प्रश्न व्यवस्थापनाचा आहे, ताई. सेटचा नाही."

ताईंना हे उत्तर पटत नाही. त्यांच्या मते सेटच्या नावाने पैसे मागताना तालमीचे तासही त्याच कागदावर मागायला हवेत. डिझायनर ते मान्य करतो आणि वहीत टिपून घेतो.

मग बोलणं मागे जातं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्या बातम्या ऐकलेल्या पिढीला त्यांचे चेहरे आठवतात, आवाज तर नक्कीच आठवतात. "भिडेंच्या मागे काय होतं, विचार कुणालाही. सांगता येणार नाही," ताई म्हणतात. "साधी पार्श्वभूमी, टेबल, हातात कागद. तरी लोकांचा विश्वास होता. मग मागे काचेचे मजले, फिरते गोळे, तरंगते आकडे कशासाठी?"

"तो साधा पडदाही कुणीतरी निवडलेलाच होता," डिझायनर म्हणतो. "सरकारी माध्यम, शांत आवाज, मागे लक्ष वेधणारं काही नाही. त्या पडद्यानेही एक गोष्ट सांगितलीच: इथे गडबड नाही. सेट कधीच गप्प नसतो. प्रश्न एवढाच, की तो काय बोलतो."

त्याला इथे बीबीसीचं उदाहरण आठवतं. १९९३ मध्ये बीबीसीने आपल्या मुख्य बातमीपत्रांना नवं रूप दिलं. मार्टिन लॅम्बी-नेर्न यांच्या त्या रचनेत निवेदकाचं टेबल खरं होतं आणि भोवतीचा भव्य दिवाणखाना संगणकाने काढलेला, मागे काचेत कोरल्यासारखं बीबीसीचं मानचिन्ह. तंत्राच्या दृष्टीने तो काळाच्या पुढे होता. पण तो थंड आणि दूरचा वाटतो, अशी टीका झाली, आणि १९९९ मध्ये तो बदलला गेला.

"मी हे आमच्या बाजूचं उदाहरण म्हणून देत नाही," तो पुढे म्हणतो. "उलट तो सेट मला अजून शिकवतो. त्यात भव्यता होती, पण ती कुठल्याच बातमीच्या उपयोगाची नव्हती. दालन कितीही मोठं केलं, तरी त्यातून महागाईही समजत नव्हती आणि युद्धही. नुसती सजावट म्हणून आभासी सेट उभारायचा असेल, तर मीही तुमच्याबरोबर आहे. पैसे वाचवा आणि साधी भिंत ठेवा."

"मग तुला तो हवाय कशासाठी?"

"जे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही, त्यासाठी."

तो २०१८ कडे वळतो. अमेरिकेतल्या द वेदर चॅनलने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स चक्रीवादळ किनाऱ्याला लागण्याआधी एक प्रात्यक्षिक प्रसारित केलं. निवेदिका एरिका नवारो एका आभासी गल्लीत उभ्या होत्या. समुद्राचं पाणी ३ फूट चढलं तर काय होतं, ६ फूट चढलं तर गाड्यांचं काय होतं, ९ फूट चढलं तर काय, हे त्यांच्याभोवती पाणी वाढत जाऊन दिसत होतं. नऊ फुटांना पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं. हे सगळं वादळाच्या आधी दाखवलं गेलं, लोकांना घर सोडायचं की नाही हे ठरवायचं होतं तेव्हा. पूर आल्यावर कॅमेरा पाठवता येतो. यायच्या आधीचा पूर कुठला कॅमेरा दाखवणार?

ताई हे उदाहरण मनापासून मान्य करतात. "यात मला तीन गोष्टी आवडल्या. पाणी आलंय असं कुणी म्हटलं नाही, आलं तर काय, असंच म्हटलं. मोजमाप माणसाच्या उंचीचं होतं. आणि गल्ली कुठल्याही गावाची असू शकेल अशी होती, खरी गल्ली असल्याचा दावा नव्हता. पण तुमच्या धंद्याचा इतिहास एवढाच नाही ना?"

आता उदाहरणं ताईंची. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांत वार्ताहर कोकी रॉबर्ट्स अंगात ओव्हरकोट घालून अमेरिकी संसदेच्या इमारतीसमोर उभ्या दिसल्या. त्या कॅपिटल हिलवरून बोलत असल्याचं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्या वॉशिंग्टनच्या स्टुडिओत होत्या आणि मागे इमारतीचं चित्र होतं. प्रकरण बाहेर आल्यावर वाहिनीने त्यांना आणि निर्मात्याला समज दिली. दुसरं उदाहरण ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीचं. सीबीएसवर डॅन रॅदर टाइम्स स्क्वेअरमधून बोलत होते आणि त्यांच्या मागे चौकातल्या मोठ्या पडद्यावर सीबीएसचं चिन्ह दिसत होतं. चौकात तो पडदा होता स्पर्धक एनबीसीचा. त्यावरचं चित्र थेट प्रक्षेपणातच झाकलं गेलं होतं. ही चूक होती, हे रॅदर यांनी नंतर मान्य केलं.

"बघ, पहिल्यात इमारत खरी, बातमीही खरी. खोटी फक्त बाईंची जागा. दुसऱ्यात माणूस खरा, चौकही खरा, खोटा फक्त एक पडदा. एवढ्याशा गोष्टीवरून विश्वास जातो. कारण 'मी इथे आहे' हे वार्ताहराचं वाक्यच साक्ष असतं. तिथे असल्याशिवाय ते म्हणता येत नाही."

"दोन्ही उदाहरणांत प्रेक्षकाला सांगितलं नव्हतं," डिझायनर म्हणतो. "सीएनएनने सांगितलं होतं. ४ नोव्हेंबर २००८, ओबामांच्या निवडणुकीची रात्र. जेसिका येलिन शिकागोत होत्या आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वुल्फ ब्लिट्झर यांच्यासमोर त्या 'अवतरल्या'. तिकडे त्यांच्याभोवती ३५ एचडी कॅमेरे गोलाकार लावले होते. त्या शिकागोत आहेत, हे उघडपणे सांगितलं गेलं. यात खोटं काय?"

"ब्लिट्झर बघत होते कुणाकडे?"

"...रिकाम्या जागेकडे."

"म्हणजे स्टुडिओत होलोग्राम नव्हताच. तो फक्त आपल्या टीव्हीवर होता. तरी दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतायत, असा आव आणला. आणि मला सांग, येलिन शिकागोच्या गर्दीत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या, तर मागे जल्लोष दिसला असता. तो सगळा कापून टाकून त्यांना रिकाम्या जमिनीवर आणून उभं केलं. बातमी वाढली का कमी झाली?"

डिझायनर थोडं थांबून म्हणतो, "कमी झाली."

इथून ताईंचा आवाज चढतो, कारण पुढची उदाहरणं घरची आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांचं दुबईतल्या हॉटेलात निधन झालं. दोन दिवसांत देशातल्या काही वाहिन्यांच्या पडद्यावर आभासी न्हाणीघर उभं राहिलं. टब, त्यातलं पाणी, बाजूला उभा निवेदक. त्या खोलीत कुणाचाही कॅमेरा गेला नव्हता. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे येत होतं, तेव्हा एका हिंदी वाहिनीची निवेदिका आभासी वादळात छत्री धरून हेलकावे घेताना दिसली. ती होती स्टुडिओत. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत इतका वापरला गेला, की नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला सगळ्या माध्यमांना तो वापरू नका, असं सांगावं लागलं. खरा भोंगा वाजला तर लोकांनी तो टीव्हीतला समजू नये, म्हणून.

"भोंगा आम्ही नाही लावत, ताई."

"पण तो तुझ्याच सेटवर वाजतो. मागे लढाऊ विमानं, पायाखाली जळता नकाशा, वर भोंगा. बातमीपत्राच्या स्क्रिप्टमध्ये 'कथित', 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'दुजोरा मिळालेला नाही' असे शब्द घालायला आम्ही पोरांना शिकवतो. तुझ्या चित्रात 'कथित' कुठे लिहितोस? टब काढला की टब असतोच. कथित टब काढता येत नाही."

या वाक्यावर संपूर्ण चर्चेची दिशा बदलते, कारण डिझायनरकडे याचं उत्तर आहे आणि ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो लॅपटॉप उघडतो. पडद्यावर डोंगर येतो: रायगड जिल्ह्यातला इर्शाळगड आणि त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री या वाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसात डोंगर चढून गेली. ही जागा इतकी अडचणीची का आणि मदतीला एवढा वेळ का लागला, हे सपाट नकाशावर कळत नव्हतं. डोंगर त्रिमितीत बघितला की एका नजरेत कळतं.

"या डोंगराचा आकार मी मनाने काढलेला नाही," तो सांगतो. "फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून पृथ्वीच्या उंचसखलपणाची रडारने मोजणी झाली. ती माहिती सगळ्यांना खुली आहे. पण तिच्यात साधारण ३० मीटरला एक बिंदू आहे. म्हणजे दोन बिंदूंच्या मध्ये जी घळ दिसते, ती सॉफ्टवेअरने जुळवून घेतलेली. आणि आदिवासी वाडीतलं घर एवढं लहान, की ते त्या जाळीत बसतच नाही."

"मग घरं कुठून आणलीस?"

"आणली नाहीत. बघा."

उतारावर घरांच्या जागी राखाडी ठोकळे आहेत. खिडक्या नाहीत, कौलं नाहीत, अंगणात माणसं नाहीत. डोंगराला माती-गवताचा रंग आहे, पण तो एका ठरावीक मर्यादेपर्यंत. कॅमेरा त्याहून जवळ गेला की रंग फिका होतो आणि जमीन नुसत्या रेघांची होते. दरडीचा मार्ग तुटक रेषेने काढलेला.

"वास्तुविशारद असंच करतात," तो म्हणतो. "जे ठरलंय ते नीट रंगवतात, जे ठरलेलं नाही ते पांढऱ्या पुठ्ठ्याचं ठेवतात. जेवढं आपल्याला माहीत आहे, तेवढाच तपशील. तुमचा 'कथित' हा असा काढता येतो, ताई. राखाडी रंगात."

ताई बराच वेळ ते चित्र बघत राहतात. त्यांना ते पटतं, पण लगेच शंकाही येते. "प्रेक्षकाला हे राखाडी म्हणजे काय, हे कळेल? त्याला वाटेल, ग्राफिक्सवाल्यांचं काम अर्धं राहिलं."

"पहिल्यांदा वाटेल. अँकरने एकदा तोंडाने सांगायचं: राखाडी भाग अंदाजाचा आहे. रोज तोच नियम पाळला की महिन्याभरात सवय होते. हवामानाच्या नकाशावरचे लाल-पिवळे इशारे लोक शिकलेच ना?"

"आणि शेजारच्या वाहिनीवर खिडक्या-कौलांसकट वाडी कोसळताना दिसली, तर?"

"तेव्हा तुम्ही माझ्यामागे उभं राहायचं."

आभासी सेटबद्दलची चर्चा बहुतेक वेळा तंत्राभोवती किंवा खर्चाभोवती फिरते. हिरवा रंग, कॅमेऱ्याचं ट्रॅकिंग, ग्राफिक्स कार्डाची ताकद, सॉफ्टवेअरच्या परवान्याचं शुल्क. या दोघांनी मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवलं आहे. चित्र जितकं हुबेहूब, तितकं ते खात्रीशीर वाटतं, मग त्यामागची माहिती कितीही तोकडी असो. वीस वर्षांपूर्वी यंत्रांची ताकद कमी होती, त्यामुळे ग्राफिक्स हे ग्राफिक्ससारखंच दिसायचं. खेळांसाठी बनवलेली इंजिनं स्टुडिओत आली आणि ओलं डांबर, वाफ धरलेली काच, विजेच्या तारांची सावली हे सगळं प्रत्येक फ्रेमला ताजं काढता येऊ लागलं. आता राखाडी ठेवणं हा निर्णय माणसाला घ्यावा लागतो. यंत्र तो घेत नाही.

निवडणुकीच्या सेटवर हीच अडचण आकड्यांच्या रूपात येते, आणि तिथे ताई डिझायनरपेक्षा तयारीच्या निघतात. विधानसभेच्या २८८ जागा, बहुमताला १४५. निकालाच्या दिवशी आभासी महाराष्ट्र पक्षांच्या रंगांनी भरत जातो. "गडचिरोली जिल्ह्याचा विस्तार १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि जागा तीन," ताई सांगतात. "मुंबईच्या दोन जिल्ह्यांत जागा ३६, आणि तुझ्या नकाशावर मुंबई बोटाच्या टोकाएवढी. ज्याने पूर्व विदर्भ जिंकला त्याने महाराष्ट्र जिंकला, असं दिसतं. नकाशा खरा, आकडे खरे, आणि तरी समज चुकीची होते."

"म्हणून नकाशाशेजारी विधानसभेची आसनं ठेवतो. एक जागा, एक आसन."

"आणि ते उभे खांब? पक्षांच्या जागांचे? कॅमेऱ्याचा जिब फिरला की जवळचा खांब उंच दिसतो आणि मागचा बुटका. मागच्या पक्षाच्या जागा जास्त असल्या तरी."

डिझायनर याला विरोध करत नाही. खांब एका ओळीत, कॅमेऱ्याला समांतर ठेवायचे आणि आकडा ऑन एअर असेपर्यंत जिब हलवायचा नाही, एवढा नियम तो स्वतःहून सुचवतो. ताई आणखी एक घालतात: आकड्याचा उगम आणि वेळ सेटवरच दिसली पाहिजे, खालच्या पट्टीत नाही. खालच्या पट्टीत दुसरीच बातमी पळत असते. बीबीसीने १९५५ मध्ये पुठ्ठा आणि काट्याचं स्विंगोमीटर वापरलं, तेव्हापासून निवडणुकीच्या सेटचं काम एकच आहे, मतांचा कल कुठे जातोय ते पटकन आणि नीट कळावं. त्या काट्याला झगमगाट नव्हता, पण तो कशावरून हलला हे बघणाऱ्याला समजत होतं.

अखेर दोघं पंचगंगेकडे येतात. डिझायनरचा आराखडा तयार आहे: कोल्हापुरातला रस्ता, त्यावर अँकर, आणि आकडा वाढेल तसं पाणी वाढतं. वेदर चॅनलसारखंच.

"थांब," ताई म्हणतात. "४३ फूट म्हणजे कुठून ४३ फूट?"

राजाराम बंधाऱ्यावरचा ४३ हा आकडा बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचा असतो. त्या पट्टीचं शून्य नदीच्या पात्रात आहे, शहराच्या रस्त्यावर नाही. रस्त्यात उभ्या असलेल्या अँकरच्या डोक्यावरून ४३ फूट पाणी दाखवलं, तर चार मजली इमारत बुडालेली दिसेल. तसं घडलेलं नसतं. पण ४३ फुटांना जे खरोखर घडतं, ते कमी गंभीर नसतं. पाणी सखल वस्त्यांत शिरतं, सुतारवाड्यासारख्या भागातल्या कुटुंबांना हलवावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. अशीच गफलत पावसाच्या आकड्यातही होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. स्टुडिओत कंबरेएवढं पाणी दाखवून 'एवढा पाऊस' म्हणणं पावसाच्या मापाला धरून बरोबर, पण बघणारा ते रस्त्यावरचं पाणी समजणार. रस्त्यावर कुठे किती पाणी साचलं, हे जमिनीच्या उतारावर, नाल्यांवर आणि भरतीवर अवलंबून होतं.

डिझायनर आराखडा पुसतो आणि नवा काढायला घेतो. आता रस्ता नाही, नदीचा उभा छेद आहे. तळाशी पात्र, त्यात मोजपट्टी, ३९ ची खूण, ४३ ची खूण, सगळ्यात वर २०१९ ची खूण. दोन्ही बाजूंना चढत जाणारे काठ. अँकर काठावर, त्याच मापात. पाणी वाढतं ते मोजपट्टीवर, आणि कुठल्या आकड्याला कुठली वस्ती ओली होते ते काठावर पाटीने दिसतं. "छेदाची मापं जलसंपदा खात्याकडून मिळाली, तर काठ रंगवतो. नाही मिळाली, तर राखाडी."

"हा मला चालेल."

"पण मला पूर्ण चालत नाही," डिझायनर म्हणतो. "हा छेद अभियंत्याला कळेल. घरात बसलेल्या आजींना पाणी दारात आलेलं दिसायला हवं. नाहीतर आपण पुन्हा आकड्यांवरच येतो. निदान एका घराचं दार तरी दाखवू द्या."

"कुणाच्या घराचं?"

"कुणाच्याच नाही. नमुन्याचं."

"कोल्हापूरच्या बातमीत नमुन्याचं घर दाखवलं, तर प्रत्येकाला ते आपल्या गल्लीतलं वाटेल. २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी होतं, ती माणसं हे बुलेटिन बघणार आहेत. ती घाबरून सामान बांधतील, किंवा आपलं घर दिसलं नाही म्हणून निवांत राहतील. दोन्ही वाईट."

"आणि नाही दाखवलं, तर ज्यांनी सामान बांधायला हवं तेही निवांत राहतील."

या मुद्द्यावर एकमत होत नाही. ताईंना वाटतं, माणसाला हलवायचं काम सेटने करू नये. ते जिल्हा प्रशासनाच्या सूचनेने व्हावं आणि वाहिनीने ती सूचना शब्दशः, पुन्हा पुन्हा सांगावी. डिझायनरला वाटतं, सूचना ऐकूनही लोक हलत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, आणि ते आणायचं साधन हातात असताना ते न वापरणंही जबाबदारी टाळणंच आहे. दोघांच्याही बाजूला पुराचा अनुभव आहे.

तूर्त दोघं एका कामावर येतात. ताई कोल्हापूरच्या प्रतिनिधीला फोन लावतात आणि तीन गोष्टी मागतात: बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो, जलसंपदा खात्याकडे नदीच्या छेदाची मागणी करणारं पत्र, आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा ज्या भिंतींवर अजून दिसतात, अशा दहा जागांची जमिनीपासून मोजलेली उंची, घरमालकांना विचारून. डिझायनर मध्येच म्हणतो, "टेपने मोजायला सांगा, नुसत्या अंदाजाने नको." ताई तेही सांगतात. त्या दहा उंची हातात आल्या, तर दाराचा प्रश्न पुन्हा काढायचा, एवढं ठरतं. तोवर सेटच्या फाइलमध्ये काठ राखाडी राहतात आणि दार नाही. सेट ऑन एअर जायच्या आधी त्यावर ग्राफिक्सच्या प्रमुखाबरोबर डेस्कचीही सही लागेल, असा नवा रकाना ताई रनडाउनच्या नमुन्यात त्याच दुपारी घालून घेतात.